छतावरच्या राखणदाराचे तोंड बांधू नका

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. वर्षावास सुरू होता. यवतमाळातील आमच्या वस्तीच्या विहारात रविवारची वंदना आटोपली, ग्रंथवाचन झाले, माणसे पांगली. एक बाई मात्र चटईवर तशाच बसून राहिल्या. हातात मोबाईल, चेहरा उतरलेला. या बाई हंगामात जिनिंगवर जातात, पावसाळ्यात निंदणाला. धनी हयात नाहीत. एकुलत्या एका मुलाला त्यांनी हिमतीने पदविकेपर्यंत शिकविले. तो आता पुण्याकडे एका कारखान्यात लागला आहे आणि सहाजणांच्या खोलीत राहतो.

आम्ही विचारले, "काय झालं बाई?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. खोलीच्या मालकाचा निरोप होता. मुलाने छतावरचे यंत्र बांधून ठेवले, सबब पाच हजार रुपये दंड. पुन्हा असे घडल्यास खोली खाली करावी.

"भाऊ, पाच हजार म्हणजे माही महिन्याभराची मजुरी हाय," बाई म्हणाल्या. "पोट्टं म्हणते, आई, मी सिगारेट ओढलीच नाही. मंग थे मशीन बोंबललं कायले? आन् थे हाय तरी काय? कॅमेरा हाय काय?"

आम्ही पडलो कारकून. आकडेमोड विचारा, अर्ज लिहून घ्या, कार्यालयाच्या पायऱ्या चढायला लावा, त्यात आम्ही मागे हटत नाही. पण हा प्रश्न नवा होता. आम्ही तेथूनच मुलाला फोन लावला. तो आधी चाचरला, मग मोकळा झाला. "काका, खरंच सिगारेट नव्हती. वेप होतं. पेनासारखं असते. नुसती वाफ निघते त्याच्यातून. पण ती डबी घडीघडी वाजायची, खालून वॉचमन यायचा. मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यावर मोजा चढवला."

नुसती वाफ! हा शब्द आमच्या मनातून गेला नाही. आज आपल्या समाजाची शेकडो मुले-मुली यवतमाळ, दारव्हा, पुसद, वणी, उमरखेड या गावांतून पुणे-मुंबईला शिकायला आणि नोकरीला जातात. ती ज्या इमारतीत राहतात तेथे छताला अशी गोल पांढरी डबी असते. त्या डबीचे काम काय, हे त्यांच्या आई-बापांना कोणी सांगितलेले नाही, आणि पुष्कळदा मुलांनाही ठाऊक नसते. म्हणून हा लेखनप्रपंच.

वाफ नव्हे, ते निकोटिनचे धुके

वेप किंवा ई-सिगारेट म्हणजे बॅटरीवर चालणारी नळी. कधी ती पेनासारखी असते, कधी पेनड्राइव्हसारखी, कधी रंगीत काडेपेटीएवढी. आत एक पातळ द्रव असतो. त्यात प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन हे दोन दाटसर पदार्थ, आंब्या-पुदिन्याचा वास देणारी रसायने, आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तंबाखूत माणसाला अडकवून ठेवते ते हेच निकोटिन. ओढणाऱ्याने झुरका घेतला की आतली बारीक तार तापते आणि त्या द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. ते पांढरे दिसतात म्हणून मुले त्याला वाफ म्हणतात. भाताच्या भांड्यावरची वाफ म्हणजे पाणी. हे पाणी नाही. या थेंबांत निकोटिन आहे, तापलेली रसायने आहेत, आणि ते फुप्फुसात खोल जातात. खोलीत झोपलेल्या बाकीच्या पाचजणांच्याही जातात.

आपल्या जिल्ह्यात चौकाचौकांत पन्नीत खर्रा घोटणारे हात आपण रोज पाहतो. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ साली बंदी आली, तरी पुडीची सवय गेली नाही. खर्रा खाणाऱ्या बापाला मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही घाण खाता. आणि तोच मुलगा पुण्यात जाऊन सुवासिक नळी ओढतो. वास बदलला, रूप बदलले, दोरी तीच राहिली.

डबीला कसे कळते?

आता त्या डबीकडे वळू. जुन्या कौलारू घरात राहिलेल्यांनी कवडसा पाहिला असेल. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप आत येते. घरातली हवा स्वच्छ असली तर ती तिरीप मध्ये कुठे दिसत नाही, फक्त भुईवर उन्हाचा ठिपका पडतो. पण आईने चूल पेटविली आणि धूर वर चढला, की तीच तिरीप सरळ काठीसारखी उजळून दिसते. कारण धुराच्या कणांवर आपटून उजेड चहूकडे पसरतो आणि आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो.

छतावरची डबी नेमके हेच करते. आत एक काळोखी पोकळी असते. तिच्यात एका बाजूने बारीक प्रकाश सोडलेला असतो. तो टिपणारा डोळा मात्र सरळ समोर न ठेवता कोपऱ्यात तिरका बसविलेला असतो. हवा स्वच्छ असते तोवर त्या डोळ्याला अंधारच दिसतो. धुराचे कण आत शिरले की उजेड विखुरतो, डोळ्यावर पडतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्या एका प्रकारात अमेरिशियम नावाच्या किरणोत्सारी धातूचा अत्यल्प अंश असतो. त्याच्यामुळे आतल्या हवेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहत राहतो. धूर शिरला की प्रवाह घटतो आणि यंत्र ओरडते. तिसरी डबी धूर पाहतच नाही, ती केवळ उष्णता मोजते. साधारण ५७-५८ अंश सेल्सिअसला ती वाजते. ती स्वयंपाकघरासाठी ठीक, कारण फोडणीच्या धुराने ती फसत नाही. पण झोपायच्या खोलीत धूर ओळखणारीच हवी.

आता वेपचे थेंब त्या काळोख्या पोकळीत शिरले, तर डोळ्याला काय दिसणार? विखुरलेला उजेड! हा जळत्या गादीचा धूर आहे की पोराच्या तोंडातले धुके आहे, हा भेद साध्या डबीला कळत नाही. प्रकाशावर चालणारी डबी अशा थेंबांना लवकर फसते, आणि अगदी खालून झुरका सोडला तर दुसऱ्या प्रकारचीही वाजू शकते. न्हाणीघरातील गरम पाण्याची वाफ, झाडताना उडालेली धूळ, डबीखालीच लावलेली अगरबत्ती, यांनीही ती वाजते. शिवाय वेपचा चिकट अंश आणि धूळ मिळून आत थर बसतो आणि यंत्र अधिकच चुकू लागते.

येथे मुले म्हणतील, मग चूक यंत्राचीच आहे. नाही बाळांनो. शेतात राखणीला बसलेल्या माणसाने सावली हलली तरी हाक द्यावी. ती वारा निघाली तर आपण हसू आणि पुन्हा झोपू. पण डुक्कर आले असता तो गप्प राहिला, तर सारे पीक गेले. राखणदाराने चुकून दिलेली हाक परवडते, चुकून राखलेले मौन परवडत नाही.

धूर झोपलेल्या माणसाला उठवत नाही

आपल्यापैकी अनेकांची समजूत अशी, की आग लागली तर जळका वास येईल, चटका बसेल, आपण जागे होऊ. ही समजूत जीवघेणी आहे. गाढ झोपेत नाकावर भरवसा ठेवता येत नाही. आणि धुराबरोबर येणारा कार्बन मोनॉक्साइड वायू बिनवासाचा असतो. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो. झोपलेला माणूस अधिक गाढ झोपेत जातो आणि उठतच नाही. आगीत पुष्कळसे बळी ज्वाळेचे नसतात, धुराचे असतात.

दूरचे उदाहरण कशाला? आपल्याच विदर्भातले भंडारा. ९ जानेवारी २०२१ ची मध्यरात्र उलटून गेलेली. जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष. आत सतरा बाळे होती. आग लागली. सात बाळांना वाचविता आले, दहा गेली. त्या वेळच्या आरोग्यमंत्र्यांनी जे सांगितले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे: दहापैकी तीन बाळे भाजून गेली आणि सात धुराने गुदमरून. त्यांच्या माता मोठ्या घरच्या नव्हत्या. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या, मोलमजुरी करणाऱ्या आपल्यासारख्याच घरांतल्या त्या लेकी होत्या. श्रीमंताचे मूल खासगी दवाखान्यात असते. गरिबाच्या मुलाच्या उशाशी राखण कोण करते, हा प्रश्न त्या रात्रीने सर्वांपुढे ठेवला.

दुसरे उदाहरण मुंबईचे. २९ डिसेंबर २०१७ च्या रात्री कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली. चौदाजण गेले. त्यांतील बहुतेक जण गुदमरून गेले; धुरापासून वाचण्यासाठी अनेकांनी स्वच्छतागृहाचा आसरा घेतला आणि तेथेच ते सापडले. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्याकडे बोट दाखविले गेले. पुढे २०१८ साली महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी घातली.

आणि तिसरे तर आपल्या घरचेच. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईकडे निघालेली खासगी शयनयान बस नाशिकजवळ ट्रकवर आदळली आणि पेटली. बाराजणांचा बळी गेला. माणसे साखरझोपेत होती. पुढे १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली, त्यात पंचवीसजण गेले. या आगी वेपने लागल्या असे आम्ही बिलकुल म्हणत नाही; त्या अपघातांच्या आगी होत्या. आम्ही एवढेच म्हणतो की बंद जागा, झोपलेली माणसे आणि धूर यांची गाठ पडली की वेळ घटका-पळांची उरते. जे यंत्र ती दोन-तीन मिनिटे आधी मिळवून देते, ते यंत्र म्हणजे प्राणच. म्हणूनच केंद्र सरकारने जानेवारी २०२२ मध्ये लांब पल्ल्याच्या बसगाड्या आणि शाळेच्या बसगाड्या यांच्या प्रवासी कक्षातही आगीची सूचना देणारी यंत्रणा असावी यासाठी अधिसूचना काढली. अशा बसमध्ये पडदा ओढून कोणी वेप ओढू लागला, तर तो आपल्या आधी तीस माणसांची राखण बिघडवतो.

एका झुरक्यासाठी

एकाचा झुरका किती जणांना महागात पडतो पाहा. ९ ऑगस्ट २०२३ रोजी तिरुपतीहून सिकंदराबादकडे निघालेल्या वंदे भारत गाडीत एक बिनतिकीट इसम स्वच्छतागृहात शिरला आणि त्याने सिगारेट पेटविली. यंत्राने धूर हेरला, भोंगा वाजला, आग विझविणारी पूड आपोआप उडाली. डब्यात धूरच धूर दिसू लागला, प्रवासी भेदरले, गाडी थांबली, काच फोडून त्या इसमाला बाहेर काढावे लागले. यंत्राने आपले काम चोख केले. बिघाड यंत्रात नव्हता, माणसात होता.

त्याहून बोलके उदाहरण चीनचे. १० जुलै २०१८ रोजी एअर चायनाचे विमान हाँगकाँगहून दालियानला जात होते. आत १५३ प्रवासी. सहवैमानिकाला वेप ओढण्याची तलफ आली. त्याचे धुके प्रवाशांच्या बाजूला जाऊ नये म्हणून तो हवा फिरविणारा पंखा बंद करायला गेला, आणि चुकून विमानात हवा पुरविणारी यंत्रणाच बंद करून बसला. आतली हवा विरळ होऊ लागली, प्राणवायूचे मुखवटे खाली आले आणि विमान घाईघाईने हजारो फूट खाली आणावे लागले. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. ध्यानात घ्या, धोका झुरक्याने झाला नाही. झुरका लपविण्याच्या खटपटीने झाला.

आमच्या वस्तीतल्या मुलाचेही तेच झाले. वेप ओढणे ही एक चूक. पण डबीवर मोजा चढविणे ही त्याहून मोठी चूक. पहिलीत नुकसान मुख्यतः त्याच्या शरीराचे. दुसरीत सहाजणांच्या प्राणांचा प्रश्न. त्या खोलीत रात्री सहा मोबाईल चार्जिंगला असतात, एकाच बोर्डावर. खिडकीला लोखंडी जाळी. मजल्याचे मागचे दार रात्री कुलूपबंद. हे सारे त्यानेच आम्हाला फोनवर सांगितले. आणि वेपमध्ये असते तीच लिथियमची बॅटरी. ती पडली, दबली, हलक्या चार्जरवर लावून ठेवली, तर तीही पेट घेऊ शकते. म्हणजे ज्या वस्तूसाठी राखणदाराचे तोंड बांधले, तीच वस्तू उशाशी ठिणगी घेऊन बसली होती.

कायदा काय सांगतो?

आमच्या माता-भगिनींनी हे लिहून ठेवावे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात यांवर देशभर बंदी घातली. विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करणाऱ्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा पानठेल्यामागून किंवा मोबाईलवर मागवून जी नळी आपले मूल आणते, ती चोरीछुपे विकलेली असते. तिच्या आत काय भरले आहे याची हमी कोणीही देत नाही.

आगीबाबत महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. तो ज्या इमारतींना लागू आहे तेथील मालकाने किंवा भोगवटादाराने आगीची यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची असते, आणि परवानाधारक संस्थेकडून तपासून घेऊन दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत तसे 'ब' नमुन्यातील प्रमाणपत्र द्यायचे असते. या यंत्रणेशी छेडछाड करण्यास याच कायद्याने मनाई आहे. म्हणजे मोजा चढविणारा मुलगा चुकला हे खरे. पण सहा माणसे कोंबून मागचे दार कुलूपबंद ठेवणारा मालकही सुटत नाही. दंडाची पावती फाडताना मालकाने 'ब' नमुनाही दाखवावा. आम्ही कारकुनी करतो. 'यंत्रणा सुस्थितीत आहे' हे तीन शब्द कागदावर लिहायला किती थोडी शाई लागते, हे आम्हाला पुरते ठाऊक आहे. कागद वाजत नाही. वाजते ती डबी.

पाचवे शील आणि अप्पमाद

पंचशील आपण रोज म्हणतो. पाचवे शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. काही तरुण आमच्याशी वाद घालतात, की वेप म्हणजे दारू नव्हे, तेव्हा शील मोडत नाही. पण या शीलाचे कारण काय सांगितले आहे? नशा ही प्रमादाचे घर आहे, हे! प्रमाद म्हणजे बेसावधपणा. तथागतांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना शेवटी सांगितले तेही अप्पमादाचेच, म्हणजे सावध राहण्याचे. आता सांगा, झोपायच्या खोलीतले सावध यंत्र आपल्या हाताने आंधळे करणे याहून मोठा प्रमाद कोणता?

आणखी एक गोष्ट. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला गावकीची कामे होती. रात्रभर गावाची राखण करावी, दवंडी पिटावी, निरोप पोचवावा, आणि सकाळी शिळ्या तुकड्यासाठी ओटीखाली उभे राहावे. गाव निर्धास्त झोपे आणि आपला माणूस जागा राही. त्या वतनी गुलामगिरीवर घाव घालण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. आज त्यांच्या चळवळीमुळे आपली मुले शिकली आणि शहरात स्वतःच्या कमाईच्या खोलीत झोपतात. आता त्यांच्या झोपेची राखण एक यंत्र करते. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांसाठी जागलेल्या समाजाच्या मुलांनी आपल्यासाठी जागणाऱ्याचे तोंड बांधावे काय?

काय करावे?

मुलांनी एवढे पाळावे. डबीवर मोजा, पिशवी, चिकटपट्टी काहीही लावू नये. रंगकामाच्या वेळी चढविलेली प्लास्टिकची टोपी राहून गेली असेल तर काढायला सांगावे. डबी विनाकारण वाजत असेल तर खिडकी उघडावी, धूळ पुसून घेण्यास व्यवस्थापकाला लेखी सांगावे, पण बॅटरी काढू नये. वाजली की 'रोजचेच आहे' म्हणून पडून राहू नये. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. शेवटी लांडगा खरेच येतो. धूर दिसला तर वाकून, जमिनीलगत चालावे, दार मागे ओढून घ्यावे, लिफ्ट वापरू नये आणि १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

पालकांनी खोली पाहायला जाताना भाडे आणि जेवण विचारतो तसे वरही पाहावे. डबी आहे का? तिचा छोटा दिवा लुकलुकतो का? बाहेर पडायला दुसरी वाट आहे का? मूल सरकारी वसतिगृहात असो, अभ्यासिकेत असो की खासगी खोलीत, हाच प्रश्न विचारावा. आणि डबी नसेल तर लेखी मागणी करावी. अर्ज लिहायला आमच्यासारखे कारकून आहेतच. ज्याच्या छताला डबी आहे त्याने ती बांधू नये, आणि ज्याच्या छताला नाही त्याने ती मागावी.

घरासाठी सुटी, बॅटरीवर चालणारी डबीही बाजारात मिळते. ती झोपायच्या खोलीत छताच्या मध्याजवळ लावावी, चुलीपासून निदान दहा फूट दूर. महिन्यातून एकदा बटण दाबून आवाज पाहावा आणि दहा वर्षांनी डबी बदलावी. विहारात आणि घरात मेणबत्ती-अगरबत्ती लावतो तेव्हा ती पडद्यापासून दूर, रुंद ताटलीत लावावी. विझविल्याशिवाय झोपू नये. निळ्या पताका, कागदी सजावट आणि ज्योत यांत अंतर असावे.

आणि मूल वेप ओढते असे कळले तर? मारझोड करू नये, चारचौघांत पाणउतारा करू नये. भीतीने मूल ओढणे सोडत नाही, लपविणे शिकते. आणि लपविण्यातूनच मोजा चढतो. जवळ बसवून विचारावे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी शासनाची निःशुल्क मदतवाहिनी आहे, क्रमांक १८००-११-२३५६. तेथे फोन करण्यात कमीपणा नाही. आणि बापाने त्याच दिवशी स्वतःची खर्र्याची पुडी फेकली, तर मुलाला वेगळा उपदेश करण्याची गरजच उरणार नाही.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. त्याच रात्री त्याने मोजा काढला. बटण दाबून पाहिले तर डबी वाजली. सहाही जण दचकून उठले आणि मग हसले, असे तो म्हणाला. दंडाचे पाच हजार त्याने आईकडून घेतले नाहीत, आपल्या पगारातून दोन हप्त्यांत भरले. मागच्या दाराचे कुलूप काढावे म्हणून सहाजणांनी सह्या करून मालकाला अर्ज दिला. मसुदा आम्ही करून दिला होता. कुलूप निघाले, आता आतून कडी आहे. वेप पूर्ण सुटले का? तो म्हणतो, काका, पंधरा दिवस सुटते, मग पुन्हा मन होते. खोटे बोलला नाही, याचे आम्हाला समाधान आहे. सुटेल. आम्ही दर रविवारी विहारातून फोन करतो.

बाईंना हे सारे समजावून सांगितले, तेव्हा त्या बराच वेळ वर विहाराच्या छताकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे भाऊ, थे मशीन माह्या पोराची चुगली करत नव्हतं. थे त्याची राखण करत होतं."

होय बाई, अगदी बरोबर. आणि आपल्या विहाराच्या छताला अजून तसे काही नाही. येत्या सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत.

जयभीम!